मुंग्या

ज्यांच्या घरी लहानपणी गच्चीवर अँटेना होता त्यांना 'मुंग्या' म्हणजे काय हे सांगायला नको. एक जण गच्चीवर, एक जण जिन्यात, एक जण टीव्हीसमोर, आणि "आलं का?" "नाही, अजून मुंग्याच आहेत, थोडं डावीकडे फिरव!" हा संवाद एके काळी घराघरात चालायचा. मग केबल आली, डिश आली आणि मुंग्या गेल्या. आता कुणाला त्या पुन्हा पाहायच्या असतील तर सोपा उपाय आहे. अमावस्येच्या रात्री गावाबाहेर जायचं, कॅमेरा आकाशाकडे रोखायचा आणि व्हिडिओचं बटण दाबायचं. तारे थोडे, मुंग्या फार.

डिसेंबर २०२३ मध्ये मी असा तीन तासांचा मुंग्यांचा व्हिडिओ काढून आणला. बुलढाणा जिल्ह्यात, लोणारपासून सात-आठ किलोमीटरवर मामांचं शेत आहे तिथून. १३ आणि १४ डिसेंबरच्या मधली रात्र ही मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाची रात्र, वर्षातल्या सगळ्यात भरघोस वर्षावांपैकी एक. त्या वर्षी अमावस्या १२ तारखेला होती, म्हणजे चंद्राची कटकट नाही. पुण्याहून जालना, सिंदखेडराजा आणि मग लोणार असा रस्ता धरला. एका मित्राचा कॅमेरा उसना होता, २४ मिलिमीटरची भिंग बऱ्यापैकी उघडी होती आणि हापिसातून दोन दिवसांची रजा कशीबशी मिळवली होती. कारण विचारलं तेव्हा 'मामांची तब्येत' असं सांगितलं. ते पूर्ण खोटंही नव्हतं.

मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. आकाशातलं मला जे काही येतं ते त्यांच्यामुळे. हरभरा पेरला की रोही आणि रानडुकरं येतात, म्हणून रात्री शेतात जागलीला जावं लागतं. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर माळ्यावर झोपायचो. झोपायचो कसला, मृगाचं तिकांडं, कृत्तिका, रोहिणी अशी उजळणी चालायची आणि उल्का दिसली की मामा खिशातल्या डायरीत बॅटरीच्या उजेडात एक रेघ मारायचे. पाच रेघांचा एक गठ्ठा. शाळेत पटसंख्या मोजतात तशी. त्या डायऱ्या अजून आहेत.

गेली काही वर्षं मामांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. मोतीबिंदू काढला, इंजेक्शनं झाली, डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही. सरळ बघितलं तर मध्ये राखाडी डाग, कडेकडेचं दिसतं. वर्तमानपत्र गेलं, मग तारे गेले. उल्का म्हणाल तर शेवटचं काही आकाशात स्वतःच्या डोळ्यांनी धडपणे पाहिलं ते २ एप्रिल २०२२ ला. त्यावर पुढे येतो.

तर बेत असा होता की आकाश मामांना दिसत नसेल तर ते त्यांच्या त्रेचाळीस इंची टीव्हीवर आणायचं. जवळ बसून, पाहिजे तेवढं मोठं करून, पाहिजे तितक्यांदा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि कच्चा व्हिडिओ सुरू केला. मामांनी मान तिरपी करून (ते आता सगळं तिरपंच बघतात) मिनिटभर पाहिलं आणि म्हणाले, "काहून रे, ह्या मुंग्या कायच्या फिरून राह्यल्या? तारे तं दिसतच नाई."

ह्या मुंग्या येतात कुठून? सगळ्यांना वाटतं कॅमेरा स्वस्तातला म्हणून. कॅमेऱ्याचा दोष असतोच, पण मोठा वाटा प्रकाशाचाच असतो. प्रकाश धारेने येत नाही, कणाकणाने येतो, पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा. एका ठिकाणी सरासरी १०० कण येणार असतील तर प्रत्यक्षात कधी ९२ येतात, कधी १०९. ही चढउतार संख्येच्या वर्गमुळाएवढी असते, म्हणजे शंभरात दहा. शंभरात दहा डोळ्यांना खटकत नाही. पण अंधाऱ्या आकाशाच्या एका पिक्सेलवर चारच कण येत असतील तर चढउतार दोनची, म्हणजे निम्मी! फोटो काढताना शटर वीस सेकंद उघडं ठेवून कण साठवता येतात. व्हिडिओत ती सोय नाही. सेकंदाला २५ फ्रेम म्हटल्यावर एका फ्रेमच्या वाट्याला जास्तीत जास्त १/२५ सेकंद. मग कॅमेरा बिचारा आयएसओ १२८००, २५६०० असं करत तेवढ्याच चार कणांचा आवाज मोठा करतो, आणि त्याबरोबर गोंगाटाचाही.

उपायही त्याच वर्गमुळात आहे. सोळा फ्रेमची सरासरी काढली की तारा तेवढाच राहतो आणि मुंग्या चौथाईवर येतात. २५६ फ्रेमची काढली तर सोळावा हिस्सा. हे करायला महागडं काही लागत नाही. एफएफएमपेग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ज्याच्या जिवावर जगातले निम्मे व्हिडिओ प्लेअर चालतात असं म्हटलं तरी चालेल (हा आकडा नाही, भावना आहे). त्यात 'टीमिक्स' नावाचा फिल्टर आहे, तो सलग फ्रेमची सरासरी काढतो. 'अटाडिनॉइज' आहे, तो जरा शहाणा, फरक फार असेल तर तिथे सरासरी काढत नाही. 'एनएलमीन्स' आहे, तो चित्रात इतरत्र तसाच दिसणारा तुकडा शोधून त्याच्याशी सरासरी काढतो. सुंदर काम, पण माझ्या लॅपटॉपवर एका फ्रेमला सेकंद घेत होता. तीन तास म्हणजे २ लाख ७० हजार फ्रेम, म्हणजे ७५ तास. पंखा विमानासारखा वाजतो तो वेगळाच. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती मी एरवी वापरतो आणि ती उत्तम आहे, पण नॉइज काढायची सोय नेमकी पैसेवाल्या आवृत्तीत ठेवली आहे. व्यापार म्हटल्यावर असं चालायचंच. ज्या मंडळींनी कधीकाळी व्हर्च्युअलडब वापरलं असेल त्यांना आठवेल, तेव्हाही हे सगळं फुकट फिल्टर गोळा करूनच चालायचं.

सरासरीने एक प्रकारच्या मुंग्या मात्र जात नाहीत. सेन्सरवरचे काही पिक्सेल कायमचे तापट असतात, ते प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी चमकतात. सरासरी काढली की ते उलट ताऱ्यांसारखे ठसठशीत दिसायला लागतात आणि माणूस नवा तारा सापडल्याच्या आनंदात राहतो. त्याला औषध म्हणजे भिंगाला टोपी घालून, त्याच थंडीत, त्याच सेटिंगवर मिनिटभर अंधाराचाच व्हिडिओ काढायचा, त्याची सरासरी काढायची आणि ती प्रत्येक फ्रेममधून वजा करायची. शिवाय कॅमेऱ्याचं स्वतःचं नॉइज रिडक्शन बंद ठेवायचं. ते बारीक तारे गिळतं आणि आपल्याला कळतसुद्धा नाही.

तर मी 'टीमिक्स' सोळावर लावला आणि दुपारी मामांना दाखवला. काय दृश्य होतं! काळंभोर आकाश, टपोरे तारे, मृग, पुनर्वसू, खाली तुरीची काळी रेघ. मामा खूश. मामींनी कपबशा खाली ठेवून पाहिलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग मामा म्हणाले, "आकाश झ्याक हाये. पण उल्का कुठं गेल्या बापू? रातभर तं तू मोजून राह्यला होता."

आता हा सगळ्या प्रकरणातला कळीचा हिशोब आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. माझ्या चित्रात एक पिक्सेल म्हणजे आकाशातले साधारण १४० विकला, म्हणजे पंचवीस-सव्विसाव्या भागाइतका अंश. मिथुनेतल्या उल्का सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने वातावरणात घुसतात. शंभरेक किलोमीटर उंचीवर हे घडतं, तेव्हा आपल्याला ती सेकंदाला दहा अंश सरकताना दिसली तर एका फ्रेममध्ये ती दहा पिक्सेल पुढे जाते. म्हणजे कुठल्याही एका पिक्सेलवर तिचा प्रकाश फक्त एकाच फ्रेममध्ये पडतो. सोळा फ्रेमची सरासरी काढली की ताऱ्याला काही होत नाही, पण उल्केचा उजेड सोळाव्या हिश्श्यावर येतो. मुंग्या मात्र चौथाईवरच थांबतात. तारा चौपट सुधारला आणि उल्का चौपट बिघडली! ठळक चार-दोन फिक्या रेघा होऊन उरल्या, बाकी साफ. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने त्यात काही चुकलं नाही. एका क्षणी आली आणि पुढच्या क्षणी नाही, ही मुंगीची व्याख्या आहे. उल्काही नेमकी तीच व्याख्या पुरी करते.

'अटाडिनॉइज'ने ठळक उल्का वाचतात, मंद जातात. तसले फिल्टर नातेवाइकांच्या लग्नाच्या व्हिडिओसाठी ठीक आहेत. मामांच्या डायरीतल्या रेघा बहुतेक मंद उल्कांच्याच असायच्या.

हा प्रश्न अर्थातच माझ्या आधी पुष्कळांना पडलेला आहे. जगभर हौशी लोक घराच्या छपरावर रास्पबेरी पाय आणि साधा सीसीटीव्ही कॅमेरा लावून उल्का मोजतात, ग्लोबल मीटिअर नेटवर्क हे त्यातलं मोठं नाव. त्यांचं सॉफ्टवेअर खुलं आहे. त्याची युक्ती वाचली तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो. २५६ फ्रेमचा एक गठ्ठा घ्यायचा, म्हणजे साधारण दहा सेकंद. प्रत्येक पिक्सेलसाठी चारच गोष्टी ठेवायच्या: सरासरी, चढउताराचं प्रमाण, दहा सेकंदांतला सगळ्यात मोठा आकडा, आणि तो कितव्या फ्रेममध्ये आला. बास. तारे सरासरीत सापडतात. उल्का 'सगळ्यात मोठ्या'मध्ये सापडते, आणि फ्रेमचा क्रमांक पाहिला की ती कुठून कुठे गेली तेही कळतं. दहा सेकंदांत आकाश फिरतं तेही माझ्या भिंगाला जेमतेम एक पिक्सेल, त्यामुळे तारे जुळवत बसायची गरज नाही.

पायथॉन, नमपाय आणि ओपनसीव्ही घेऊन साठेक ओळींत ते बसलं. सरासरी ही स्वच्छ पार्श्वभूमी, आणि जो पिक्सेल सरासरीपेक्षा चढउताराच्या पाचपट वर जाईल तो त्या फ्रेममधून उचलून पार्श्वभूमीवर परत चिकटवायचा. पाचपटच का? एका गठ्ठ्यात २१ लाखांच्या आसपास पिक्सेल गुणिले २५६, म्हणजे ५३ कोटी आकडे. तिप्पटीवर थांबलो तर निव्वळ योगायोगाने सात लाखांवर मुंग्या 'उल्का' म्हणून निवडून येतात. चौपटीवर सतरा हजार. पाचपटीवर दीडशेच्या आसपास, आणि त्या इकडेतिकडे विखुरलेल्या. तीन-चार ठिपके लागोपाठच्या फ्रेममध्ये एका रेषेत आले तरच उल्का, असा नियम लावला की त्याही जातात. (हा हिशोब कागदावरचा, खऱ्या कॅमेऱ्याच्या मुंग्या इतक्या शिस्तीच्या नसतात.)

संध्याकाळी चालवलं. दोन तासांत ६१ सापडल्या. त्यांतली दोन विमानं, काही उपग्रह, एक वटवाघूळ असावं, आणि तीन वेळा शेजारच्या शेतातला गडी हरभऱ्याचं स्प्रिंकलर बदलायला बॅटरी घेऊन आला होता, कारण शेतीची लाईन त्या आठवड्यात रात्रीची होती. ती गाळून ४८ उल्का उरल्या. मामांनी रात्रीच्या जेवणानंतर त्या सगळ्या पाहिल्या. डायरी मागवली. दिसत नाही, तरी रेघा मारल्या, अंदाजाने, एकीवर एक चढलेल्या.

मग म्हणाले, "आता ते मुंग्यायचं लाव."

मी म्हटलं, मामा, ह्यात जे आहे तेच त्यात आहे, उलट कमी दिसेल. "लाव तं खरी." लावला. मामा टीव्हीपासून हातभर अंतरावर, मान तिरपी, कच्चा व्हिडिओ बघत बसले. अर्ध्या तासात त्यांनी चार वेळा बोट उचललं. दोनदा ते माझ्या यादीतल्याच उल्केवर होतं. दोनदा यादीत काही नव्हतं. मी वेळ लिहून घेतली आणि ते झोपल्यावर त्या दोन जागा उघडल्या. होत्या! दोन्ही. प्रत्येक फ्रेममध्ये साडेतीनपटीच्या आसपास, म्हणजे माझ्या पाचपटीच्या खाली. पण आठ-नऊ फ्रेम सलग, अगदी सरळ रेषेत.

ह्यात चमत्कार काही नाही. माझा प्रोग्राम आधी एकेका ठिपक्याला परीक्षेत पास व्हायला लावत होता आणि मगच रेषा बघत होता. डोळा तसं करत नाही, तो आधी रेषा बघतो. नऊ ठिपके एकेकटे नापास असले तरी नऊ जण एका रांगेत, एका चालीने जाताना दिसले तर तो योगायोग नसतो. आणि कडेची नजर तर ह्या कामात मधल्या नजरेपेक्षा तरबेज असते. मंद तारा बघायचा तर जरा बाजूला बघावं हे आकाशदर्शनाच्या पहिल्या दिवशी शिकवतात. मामांकडे आता उरली आहे ती तेवढीच नजर.

मी उंबरठा साडेतीनवर आणला आणि रेषेची अट कडक केली, निदान सहा फ्रेम, एकाच वेगाने. मुंग्यांची संख्या गठ्ठ्यामागे लाखावर गेली, प्रोग्राम रात्रभर चालला, पण आणखी ११ उल्का मिळाल्या. एकूण ५९.

पुण्याला परतल्यावर हापिसात हे सांगितलं तेव्हा एका सहकाऱ्याने विचारलं, एवढा उपद्व्याप कशाला, आता कृत्रिम बुद्धिमत्तेची अ‍ॅप्स आहेत की, एका क्लिकमध्ये आकाश आरशासारखं. वापरून पाहिलं. खरंच आरशासारखं झालं. पण सरासरीशी ताडून बघितलं तर काही तारे कमी होते आणि काही चक्क जास्त. जिथे मुंग्यांचा पुंजका जमला होता तिथे त्याने आपल्या मनाने छान गोल तारा काढून दिला होता. पोस्टर करायचं असेल तर हरकत नाही. पण ज्या माणसाला खरं-खोटं स्वतः तपासता येत नाही त्याच्यापुढे असं चित्र ठेवायला मी तयार नाही.

आता ते २ एप्रिल २०२२ चं. गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोकांनी आकाशातून जळत जाणारे तुकड्यांचे दिवे पाहिले. कुणी उल्का म्हटलं, कुणी विमान, कुणी आणखी काही. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूची भलीमोठी कडी पडलेली सापडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३-बी रॉकेटचे ते अवशेष, असा जाणकारांचा निष्कर्ष होता. मामा तेव्हा अंगणात होते. त्यांचं म्हणणं, तुकडे पाच होते. गावातले इतर म्हणतात तीन. मामांच्या डोळ्यांचं दुखणं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, त्यामुळे पाच म्हटलं की लोक हसून विषय बदलतात, आणि हे मामांना लागतं. शेजारच्या मुलाने फोनवर काढलेला वीस सेकंदांचा व्हिडिओ मामांकडे आहे. "ह्याच्यावर चालव तुयं यंत्र," असं त्यांनी मला निघताना सांगितलं होतं.

रॉकेटचे तुकडे उल्कांसारखे नसतात. ते कक्षेतून येतात, सेकंदाला साडेसात-आठ किलोमीटर म्हणजे मिथुनेच्या उल्केच्या पाव वेगाहूनही कमी, आणि मिनिटभर दिसत राहतात. म्हणून इथे सरासरी चालते, फक्त सगळ्यात तेजस्वी तुकड्यावर फ्रेम जुळवून घ्यायच्या. आठ-आठ फ्रेमची सरासरी काढली. आकाशातला गढूळपणा गेला, पण फार काही हाती लागेना, आणि कारण लवकरच कळलं. मूळ फाइल केव्हाच पुसली गेली होती, हाती होती ती व्हॉट्सअ‍ॅपवरून पाच-सहा जणांकडून फिरून आलेली प्रत. पाठवताना व्हिडिओ दाबला जातो, आणि दाबताना 'हा भाग मागच्या फ्रेमसारखाच आहे' म्हणून पुढच्या फ्रेममध्ये तोच उचलून ठेवला जातो. वर्गमुळाचा नियम चालतो तो प्रत्येक फ्रेमची चूक स्वतंत्र असेल तर. इथे आठ फ्रेम म्हणजे एकाच विद्यार्थ्याचा पेपर बघून लिहिलेले आठ पेपर. सरासरी काढून काय मिळणार?

तरी दोन आठवडे शनिवार-रविवार त्यात घातले. तीन तुकडे तर दिसतातच. चौथा आहे, त्याबद्दल मी पैज लावीन, सतरा-अठरा फ्रेममध्ये तो आपल्या चालीने सरकतो. पाचव्याच्या जागी एक पुसट चौकोनी डाग आहे. तो तुकडा असू शकतो, नाहीतर दाबताना उमटलेला ठोकळा असू शकतो, आणि ह्या फाइलवरून ते कधीच ठरणार नाही.

मामांना फोन करून हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हंजे तीन नाई, हे तं पक्कं ना?"

पक्कं, मी म्हटलं.

"मंग साडेचार लिहून ठेव."